नऊ खुणा कमरेवर, एक पोटरीवर

डॉक्टर,

तुम्ही गेलात हे मला रिसोडच्या गाडीत कंडक्टरनं सांगितलं. तिकिटाला चिमटा मारता मारता म्हणाला, "मास्तर, तुमचे ते चामडीवाले डॉक्टर वारले म्हन्ते. झोपेतच गेले. चांगलं मरन आलं." मी तिकीट हातात धरून बसून राहिलो आणि आमच्या गावाचा फाटा मागं पडला. पुढच्या फाट्यावर उतरून तुरीच्या वावरांमधून पायी परत आलो. खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या वाटेनं मी हसत होतो. तुमचं एकेक आठवत होतं आणि हसू येत होतं. बांधावरच्या एका बाईनं विचारलं, "काहून हासून राह्यले मास्तर, बदली रद्द झाली काय?" मी म्हणालो, "नाही बाई, माझं माणूस गेलं." ती विळा घेऊन चार पावलं मागं सरली.

तुमचं जन्मगाव, पदव्या, नोकरीची वर्षं हे सगळं तुमच्या खात्यातले लोक लिहितील. मला लिहायचंय ते आपल्या दोघांमधल्या राहिलेल्या कामाबद्दल. तुमची जीप शाळेपुढं थांबली की खाली उतरायच्या आधीच तुम्ही विचारायचात, "काम झालं का, मास्तर?" मी म्हणायचो, "होऊन जाईल." मग तुम्ही मोठ्यानं हसायचात आणि आमच्या बोलीची पार वाट लावत म्हणायचात, "मले काही घाई नाही हाय." साताऱ्याकडच्या माणसाला वऱ्हाडी येत नाही हे तुम्हाला कुणीच कधी सांगितलं नाही. सगळ्यांना ते ऐकायला आवडायचं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बेबी तेव्हा चौथीत होती. तिची आई ती रांगत असतानाच गेली, आणि बापानं दुसरी बायको आणली, ती कौसाबाई. दोन वर्षांनी बापही गेला. उरल्या दोघी, रक्ताचं काही नातं नसलेल्या. गाव म्हणायचं, "सावत्र माय अन् नवरा बी नाई. काहून सांभाळीन थे?" मीही त्या गावातलाच. बी.ए. झालो म्हणून गाव डोक्यातून निघून जात नाही, उलट त्याला व्याकरण येतं.

त्या दिवशी बेबी वर्गात नीट बसत नव्हती. एकदा या कुल्ल्यावर, एकदा त्या, मध्येच उकिडवी. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी उठलो आणि छडी मारली, डाव्या पोटरीवर. ती ओरडली नाही, उभी राहिली आणि उभीच राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीनं सांगितलं, "गुरुजी, हिच्या कमरेले चटके हायत." शाळेत पाणी भरणाऱ्या बाईला मी बघायला सांगितलं. बाई तोंडावर पदर घेऊन बाहेर आली. कमरेभोवती ओळीनं काळ्या गोल खुणा, कडेनं फोड. निखारा धरून मोजून डागल्यासारख्या.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला चार गावांवरून येत. हा अर्ज तर मी विहाराच्या ओट्यावर बसून, सगळ्यांना वाचून दाखवून लिहिला. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: "तरी सदर बालिकेच्या अंगावरील प्रत्येक खुणेची चौकशी होऊन दोषी व्यक्तीस शासन व्हावे." वाचताना 'प्रत्येक' या शब्दावर मी आवाज चढवला होता.

फौजदारसाहेबांनी कौसाबाईला रिसोडला नेऊन बसवलं. तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी लिहिलं की खुणा भाजल्यासारख्या दिसतात, पण खात्रीनं सांगता येत नाही, त्वचेच्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. तज्ज्ञ म्हणजे तुम्ही, महारोगाच्या तपासणीसाठी जीप घेऊन गावोगाव हिंडणारे. तुम्ही दोन दिवसांनी येणार होता. तोवर बेबी आमच्या घरी राहिली. फौजदारांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "डॉक्टरच्या कागदावर चटके म्हणून आलं का बाईवर खटला, अन् पोरगी जिल्ह्याच्या बालगृहात. मग इकडं येनं नाई."

मला तेव्हा हे योग्यच वाटत होतं.

आता जे लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. माझ्या मायनं बिब्बे फोडून मला शिकवलं. उन्हाळाभर दगडावर बिब्बा ठेवायचा, वर घाव घालायचा, आतली गोडंबी अखंड काढायची. टरफलातलं काळं तेल जिथं लागेल तिथं कातडी उतते. हातांना तेल चोपडून, राख लावून बसलं तरी सुटका नसते. मायच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच गेल्या होत्या. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर तिचा अंगठा उठला तो नुसता काळा गोळा होता. त्या मायनं पहिल्याच रात्री बेबीला तेल लावताना मला हाक मारली. "बाबू, हे बिब्ब्यावानी दिसते रे."

मी म्हणालो, "माय, बिब्बा हाताला उततो. कमरेला कोण बिब्बा फोडते? तू राहू दे, हे पोलिसांचं काम आहे."

माय गप्प बसली. शिकलेल्या पोराच्या माया गप्प बसायला लवकर शिकतात.

तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला पाहून नाराज झालो होतो. तज्ज्ञ म्हटल्यावर मला कोट दिसत होता. तुम्ही चुरगळलेल्या बुशशर्टात, खिशात भुईमुगाच्या शेंगा. कौसाबाई बाहेर व्हरांड्यात शिपायाजवळ बसलेली. आत तुम्ही, दवाखान्यातली नर्सबाई, बेबी आणि तक्रारदार म्हणून मी. तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही कोपऱ्यात बसा, आणि मी विचारेपर्यंत गप्प बसायचं." मला असं कुणी बी.ए. झाल्यापासून बोललं नव्हतं.

मला वाटलं, आता विचारतील, कुणी मारलं बाळ? ते तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही तिला शेंगा दिल्यात आणि म्हणालात, "मला मोजायला मदत कर. मी बोलेन, तू मोज." एकेका खुणेला पट्टी लावत तुम्ही नर्सबाईंना लिहायला सांगत होता आणि बेबी शेंगा खात "एक, दोन" करत होती. नऊ झाल्या. मग तुम्ही बराच वेळ एकाच खुणेकडं पाहत राहिलात. गोल खुणेला खाली एक बारीक शेपूट होतं.

"मास्तर, इकडं या. हे काय आहे?"

"चटका."

"निखाऱ्याचा चटका ओघळतो का?"

मी वाकून ते शेपूट पाहिलं.

"निखारा ठेवला तिथंच राहतो. हे वाहिलंय. आणि ही पोरगी शेंगा खाताना मधेच कंबर खाजवतेय, बघितलंत? भाजलेलं ठणकतं. खाजतं ते वेगळंच काही." मग तुम्ही तिच्या परकराचा नेफा, नाडी ओवायची ती पट्टी, उलटा करून आतून पाहिलात. आत काळे डाग. वास घेतलात. आणि मग तुमच्या शर्टाची कॉलर मागून उलटी करून तुम्ही बेबीपुढं पाठमोरे बसलात. "माझ्या मानेवर बघ. आहे काही?"

"लाल झालं," बेबी म्हणाली.

"परटानं कपडे ओळखायला बिब्ब्याची खूण केली कॉलरवर. मला उतली. आता मी फौजदाराकडं जाऊन सांगू का, परटानं मला डागलं?"

बेबी हसली. शेंगेचं टरफल नाकात जाईस्तोवर हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग ती एकदम थांबली आणि तुमच्या कानाशी जाऊन म्हणाली, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "मायले सांगू नका."

"कुठल्या मायला?"

"कौसामायले. तिनं शपत घातली होती बिब्ब्याले हात लावाची नाई म्हनून."

शेजारच्या अंगणातले बिब्बे ती उचलायची, अर्धे ठेचून नेफ्यात एकेक करून भरायची, आणि मधल्या सुट्टीत शाळेमागं फोडून गोडंबी खायची. हाताला लागू नये म्हणून टोक धरून फोडायची. हात तिनं सांभाळले होते. नाडी आवळली की नेफ्यातून तेल सुटत होतं, ते तिला कळलं नाही.

तुम्ही विचारलंत, "सांगितलं तर मारते का कौसामाय?"

"मारत नाई," बेबी म्हणाली. "रडते थे."

डॉक्टर, त्या खोलीत माझा अर्ज तिथल्या तिथं मेला. तुम्ही तरी मला सोडलं नाहीत. विचारलंत, "तुमच्या गावात दर उन्हाळ्यात बिब्बे फुटतात. एकालाही ओळखू आलं नाही?"

खोटं बोलता आलं असतं. पण बेबी तिथंच होती, तिनं ऐकलं होतं. मी म्हणालो, "माझी माय म्हणाली होती."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, राहू दे."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "म्हणजे तज्ज्ञ तुमच्याच घरात होता. आणि मला वाशीमहून पेट्रोल जाळून आणलंत." त्यानंतर एका रविवारी तुम्ही खरंच आमच्या घरी आलात, मायपुढं पाटावर बसलात, तिचे हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट पाहिलंत. कुठला बिब्बा जास्त उततो, ओला की सुका, उतल्यावर खोबरं लावता की चिंचेचा पाला, सगळं वहीत उतरवलंत. निघताना पाया पडलात. माय गोंधळून म्हणाली, "अगा डाक्टर, तुमी शिकेल मानूस." तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडंच शिकून राह्यलो." हे एक वाक्य तुम्ही बरोबर बोललात. आता बातमी कळल्यावर माय बराच वेळ आपल्या हातांकडं पाहत बसली. मग म्हणाली, "थ्यानं हात धरला तवा मले लाजच आली होती." आणि पदर तोंडाला लावून हसली. हसली की रडली, तुम्ही असता तर सांगितलं असतंत.

पण आपलं भांडण अजून सुरूच व्हायचं होतं. मी मान खाली घालून उठायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "बसा. नऊ झाल्या. दहावी राहिली." तुम्ही बेबीची डावी पोटरी उजेडाकडं वळवलीत. दोन समांतर रेषा, मधली जागा पांढुरकी. "हा बिब्बा नाही. गोल काठीनं, वेताच्या छडीनं मारलं की असाच वळ उठतो. मार मध्ये बसतो आणि रक्त दोन्ही कडांना सरकतं. पाच-सहा दिवसांचा आहे." तुम्ही बेबीला काही विचारलं नाहीत. ती माझ्याकडं पाहत होती, नर्सबाई माझ्याकडं पाहत होत्या. तुम्ही कागदाकडं पाहत लिहीत होता.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे शाळेचं आहे. ते यात कशाला?"

"मी काय शाळेचं, काय घरचं, असं लिहीत नाही. दिसतं ते लिहितो."

फौजदारसाहेब आत आले होते. तेही म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब. मास्तरच्या छडीले कोन विचारते?"

तुम्ही माझा अर्ज उचललात आणि शेवटचं वाक्य वाचलंत, अगदी मी विहारात वाचलं होतं तसं, 'प्रत्येक' वर आवाज चढवून. फौजदारसाहेबांनी रुमाल काढून तोंड पुसायचं निमित्त केलं. मला तुमचा इतका राग आला की आजही लिहिताना कान तापतात. पण वाक्य माझंच होतं. आणि व्याकरणात चूक नव्हती.

बाहेर कौसाबाईला सोडलं. तिनं बेबीचं पोलकं वर करून कंबर पाहिली, नेफा पाहिला, आणि मटकन बसली. रडायलाच लागली. बेबी मला म्हणाली, "पाहा, म्या सांगतलं होतं." मग कौसाबाई डोळे पुसून माझ्याकडं वळली. "मास्तर, मले वाटलं, हे तुमीच केलं. शाळेत डागलं म्हनून. मास्तरले कसं इचाराव म्हनून गप रायली."

"आणि मला वाटलं, तुम्ही केलं."

"घ्या," ती म्हणाली. "दोघं बी शाने. अन् पोट्टी गोडंबी खाऊन राह्यली." आणि ती हसायला लागली, शिपाईसुद्धा हसला. तुम्ही दारात उभे राहून शेंगा सोलत होता. त्या दिवशी जेवढी माणसं एका दवाखान्याच्या व्हरांड्यात हसली, तेवढी मी आमच्या जत्रेतही पाहिली नाहीत.

तुमच्या दहाव्या खुणेचं पुढं काही झालं नाही. वरून कागद आला, कारवाईची गरज नाही. मी तो तुम्हाला मोठ्या ऐटीत दाखवला. तुम्ही वाचून परत दिलात. "सरकारनं सोडलं तुम्हाला. बेबीनं सोडलं का, ते विचारलंत?" तेच आपलं काम. मी छडी मात्र त्याच दिवशी तुम्हाला देऊन टाकली होती. रागानंच दिली. तुम्ही ती जपून जीपमध्ये ठेवलीत, आणि मग गावोगावच्या शिबिरांत पडद्यावरचे चट्टे लोकांना त्याच छडीनं दाखवायला लागलात. "हा चट्टा बधिर, हा नाही." माझी छडी माझ्यापेक्षा जास्त शिकवून आली.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळं बदलली, ती इथं लिहायलाच हवी. पुढच्या वर्षी एका मोठ्या घरचं पोर दवाखान्यात आलं, हातावर खुणा, आणि घरचे सगळे एका सुरात म्हणाले, "बिब्बा उतला जी." बेबीची गोष्ट तोवर पंचक्रोशीत झाली होती, तिचा असा उपयोग होईल हे कुणाला वाटलं होतं. फौजदारांनी तुम्हाला बोलावलं, तुम्ही मला सोबत नेलंत. तुम्ही पट्टी लावलीत, उजेडात हात फिरवलात आणि म्हणालात, "बिब्ब्याला सरळ कडा नसते. हे उलथणं आहे, तापवलेलं." इतकंच. आवाज चढवला नाहीत. ते पोर आजोळी गेलं, आज तिथं चांगलं आहे. परतताना जीपमध्ये तुम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत. मी भांडलो, की कुणी केलं ते का लिहीत नाही तुम्ही, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी नाव लिहायला लागलो तर तुमच्यासारखा अर्जदार होईन. कातडी बोलते तेवढंच माझं." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. माझ्याकडं याला चांगलं उत्तर आहे. ऐकायला तुम्ही नाहीत, म्हणून तुम्हीच जिंकलात असं मात्र मी मानणार नाही.

काल मी वाशीमला तुमच्या घरी गेलो. वहिनींनी आतून छडी आणून माझ्या हातात दिली. "ते म्हणायचे, ही मास्तरांची आहे, त्यांना परत द्यायची, पण काम झाल्यावर." मी घरी न जाता थेट कौसाबाईकडं गेलो. बेबी आता नववीत आहे. दारात बसून भूमितीचं करत होती. हात नितळ, स्वच्छ, कौसाबाईनं ते जपलेच. छडी पाहून ती उठून उभी राहिली. सवयीनं. ते पाहून मला जे झालं ते सांगत नाही.

मी म्हणालो, "बेबी, त्या दिवशी मी तुला मारलं. तुझ्या अंगावर फोड होते म्हणून तू बसत नव्हतीस, आणि मी विचारलं नाही. माझं चुकलं."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "त्या दिवशी एक मारली गुरुजी. त्याच्या आदी तीन मारल्या होत्या. पाढे चुकले तवा दोन, पाटी फुटली तवा एक."

मला एकही आठवत नव्हती.

"डाक्टरले एकच दिसली," ती म्हणाली. "बाकीच्या तवर मिटल्या होत्या."

आतून कौसाबाई पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. "मंग चार येळा म्हना मास्तर. पोट्टीचा हिशोब पक्का हाय, तुमीच शिकवला."

मी चार वेळा म्हणालो. कौसाबाई बोटं मिटत होती. दुसऱ्या वेळी बेबीला हसू यायला लागलं, तिसऱ्या वेळी मला. चौथ्यांदा म्हणताना माझा आवाज गेला, तर तिनं ती मोजायला नकार दिला. "नीट आयकू नाई आलं." म्हणून पाचव्यांदा म्हणालो.

तर डॉक्टर, काम झालं. तुमच्या त्या कागदात मात्र एक दुरुस्ती आहे. दहा नव्हे, तेरा खुणा होत्या. तीन कातडीनं विसरून टाकल्या होत्या, त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्हीच म्हणायचात, दिसेल ते लिहावं. मला काल दिसल्या, म्हणून लिहून ठेवतो.